पंधरा फूट हवेचा रेट: एका लॉफ्ट प्रोजेक्टचा रिव्ह्यू (पाच महिने सेल्स ऑफिस, सात महिने प्रत्यक्ष राहून)

बिल्डिंगचं नाव लिहिणार नाहीये, कारण एक तर मी सध्या तिथेच राहते आणि दुसरं म्हणजे जे झालं ते याच एका प्रोजेक्टचं आहे असं मला अजिबात वाटत नाही, बाजार पडलेला असला की लॉफ्ट (उंच छताचं, आत भिंती नसलेलं मोकळं घर) विकणारे सगळे थोड्याफार फरकाने हेच करतात. स्टार द्यायचेच तर घराला पाचपैकी साडेतीन, सेल्स ऑफिसला दोन, आणि किमतीला... किमतीचं सविस्तरच सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

लॉफ्ट घ्यायचा आमचा काही प्लॅन नव्हता. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि तीन बेडरूमचं घर आम्हा दोघांच्या आणि सासूबाईंच्या अंगावर यायला लागलं, म्हणून जरा आटोपशीर काहीतरी बघत होतो. एका रविवारी नवऱ्याने जाहिरात दाखवली, जुन्या गिरणीच्या जागेत लॉफ्ट अपार्टमेंट्स, पंधरा फूट उंची, मोठ्या खिडक्या, न्यूयॉर्क स्टाइल वगैरे. सासूबाई चष्मा लावून बघत म्हणाल्या, "लॉफ्ट म्हणजे माळा ना गं? माळ्यावर राहायला पैसे द्यायचे?" आम्ही हसलो तेव्हा. पुढच्या बारा महिन्यांत यापेक्षा नेमकं वाक्य कोणाच्याच तोंडून ऐकलं नाही हे आता कळतंय.

सॅम्पल फ्लॅट बघितला की माणूस वेडा होतो हे आधी कबूल करते. दार उघडलं की समोर थेट दोन मजली उंच भिंत, अख्खी काचेची, दुपारचा उजेड सगळीकडे सांडलेला, वर लोखंडी बीमवर टेकलेलं मेझनिन, म्हणजे मधला अर्धा मजला, आणि त्यावर एक बेड ज्यावर आठ उशा. (आठ. मी मोजल्या.) आवाज जरा घुमत होता पण तिथे त्यांनी हळू म्युझिक लावून ठेवलेलं असतं त्यामुळे ते लक्षात येत नाही. नवरा नुसता वर बघत उभा. सेल्सचा पोरगा, चांगला गोड आणि हुशार मुलगा होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, तो म्हणाला, "मॅडम, इथे तुम्ही स्क्वेअर फूट नाही घेत, व्हॉल्यूम घेताय." मी मान डोलावली. घरी येऊन विचार केला तर म्हणलं थांब जरा, व्हॉल्यूमवर झोपता येतं का? कपाट ठेवता येतं का?

तर आता आकडे. खरे आकडे देत नाही, लिस्टवरची किंमत १०० धरते आणि सगळं त्या हिशोबात सांगते, म्हणजे तुम्ही कुठेही बघत असाल तरी तुमचं गणित तुम्हाला मांडता येईल.

नव्या विंगमधलं युनिट, कागदावर ९०० चौरस फूट, किंमत १००. जवळपासच्याच एका साध्या इमारतीत ९०० फुटांचा नॉर्मल फ्लॅट ९६ ला मिळत होता, म्हणजे वरवर बघता लॉफ्ट फक्त चार टक्के महाग, आणि एवढी उंची, एवढ्या खिडक्या, मग काय वाईट? पण ते ९०० म्हणजे खाली ६४० आणि वर मेझनिन २६०. उंची एकूण पंधरा फूट, त्यातले खाली आठ, मधल्या फ्लोअरचं अर्धा, वर उरले साडेसहा. नवरा पाच फूट अकरा इंच, तो वर उभा राहतो पण टीशर्ट घालायला हात वर केले की बोटं छताला लागतात. आणि एक बाजू पूर्ण उघडी, नुसतं रेलिंग, त्यामुळे ती खोली नाहीच, ती बाल्कनी आहे घराच्या आतली. अशा जागेला पूर्ण रेट का द्यायचा? आम्ही मेझनिन अर्ध्याने धरलं, म्हणजे ६४० अधिक १३०, ७७० फूट. ७७० फुटांचा साधा फ्लॅट त्याच भावाने ८२ ला पडला असता. म्हणजे लॉफ्टपणाचे आपण १८ जास्त मोजतोय, चार नाही. आता ते १८ उजेडासाठी आणि उंचीसाठी द्यायचे असतील तर जरूर द्या, काही लोकांना त्याचं तेवढं मोल असतं, पण आपण ते देतोय हे माहीत तर पाहिजे ना.

त्यावर पुढचा प्रश्न मी त्या पोराला विचारला की बाबा मेझनिन मंजूर नकाशात दाखवलंय का आणि दाखवलं असेल तर राहायची जागा म्हणून की नुसती स्टोरेज म्हणून. तो म्हणाला विचारून सांगतो. तीन आठवडे विचारत होता. लॉफ्ट बघणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा, कारण नंतर बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत काढणारा माणूस, हाच प्रश्न विचारणार असतो आणि तो तीन आठवडे थांबत नाही.

बँकेचं झालं असं. आमच्या बँकेच्या व्हॅल्युअरने त्या घराची किंमत ८८ काढली. कारणं त्याने दोन सांगितली, एक तर मेझनिन त्याने पूर्ण धरलं नाही, आणि दुसरं, तुलना करायला अलीकडचे सौदेच नव्हते. साध्या फ्लॅटचं बरं असतं, एकाच इमारतीत एकावर एक पन्नास सारखे फ्लॅट, वरचा केवढ्याला गेला, खालचा केवढ्याला गेला, मधल्याची किंमत आपोआप कळते. लॉफ्ट मुळातच कमी, त्यात प्रत्येकाची उंची वेगळी, खांब वेगळे, खिडक्या वेगळ्या, आणि बाजार थंड असला की विकलेही जात नाहीत, मग व्हॅल्युअर बिचारा हात आखडताच घेणार. बँक लोन देते ते तिच्या व्हॅल्युएशनवर आणि आपल्या सौद्याच्या किमतीवर, दोन्हीपैकी जे कमी असेल त्यावर. ८८ चे ८० टक्के म्हणजे ७०.४. म्हणजे १०० चं घर घ्यायला आम्हाला पदरचे २० नाही तर जवळजवळ ३० घालावे लागणार होते. हे सेल्स ऑफिसमध्ये कोणी सांगत नाही, तिथल्या ईएमआयच्या चार्टवर लोन छान ८० च दाखवलेलं असतं.

मग सुरू झाली घासाघीस. बाजार पडलेला होता हे सगळ्यांना दिसत होतं. सेल्स ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा बोर्ड होता, ६४ युनिट्सचे चौकोन आणि विकलेल्यांवर लाल टिकल्या, टिकल्या ५१. आम्ही एका रविवारी रात्री नऊ वाजता जाऊन समोरच्या फूटपाथवरून दिवे मोजले, १९. म्हणलं रविवार आहे, लोक बाहेर गेले असतील. बुधवारी परत गेलो, २२. आता विकलेली सगळीच घरं रात्री उजळतात असं नाही, गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवणारे असतात, पण ५१ आणि २२ मध्ये जे अंतर आहे तेही लॉफ्टच्या किमतीचाच भाग आहे, कारण ही कुलूपबंद घरं म्हणजे उद्याचे विकणारेच. तुम्ही दोन वर्षांनी विकायला काढाल तेव्हा तुमच्या रांगेत तेच उभे असणार.

तर ऑफर. किमतीत कमी करा म्हणलं तर उत्तर ठरलेलं, "मॅडम, रेट नाही हलणार, पण स्कीम देऊ शकतो." स्कीममध्ये मॉड्युलर किचन आणि फर्निचर ७ चं, पार्किंग ४ चं, दोन वर्षांचा मेंटेनन्स २, रजिस्ट्रेशनचा खर्च ३. एकूण १६. "म्हणजे तुम्हाला ८४ लाच पडलं." ऐकायला इतकं छान वाटतं ना, की माणूस पेन शोधायला लागतो. घरी येऊन एकेक काढून बघितलं. तसंच किचन आणि तेवढंच फर्निचर आपण स्वतः केलं तर साडेतीनात होत होतं. पार्किंग, बेसमेंट अर्धं रिकामं, तिथे ४ कोण देणार, मी फार तर २ धरले. मेंटेनन्स आणि रजिस्ट्रेशन हे खरे पैसे, ते पूर्ण ५. म्हणजे १६ ची स्कीम साडेदहाची निघाली आणि घर ८९.५ ला. परत आमच्या हिशोबाने किंमत ८२. आणि ८२ सुद्धा साध्या फ्लॅटच्या मागितलेल्या किमतीवरून काढलेली, त्या फ्लॅटवाल्यानेही घासाघिशीत काहीतरी सोडलंच असतं.

मग मी सरळ म्हणलं, फर्निचर नको, पार्किंगही नको, त्याऐवजी कागदावर दहा कमी करा. नाही. फर्निचर देतील, एसी देतील, पडदे देतील, आणखी दाबलं असतं तर त्या आठ उशा पण दिल्या असत्या, पण कागदावरचा आकडा हलणार नाही. तेव्हा मला राग आला होता पण नंतर कळलं की त्यामागे अगदी सरळ कारण आहे. कागदावर एक घर ९० ला गेलं की ज्यांनी आधी १०० ला घेतलं ते सगळे दारात येणार, ज्यांचं बुकिंग झालंय पण पैसे पूर्ण भरले नाहीत ते मागे फिरणार, उरलेल्या युनिट्सवर बिल्डरने कर्ज उचललेलं असेल तर ती बँक नवीन आकडा विचारणार, आणि पुढच्या प्रत्येक व्हॅल्युअरला तुलना करायला ९० चा सौदा आयता मिळणार. फर्निचर कुठे नोंदवलं जात नाही. म्हणून मंदीत लॉफ्टची किंमत उतरते ती रेट कार्डवर नाही, फुकटच्या वस्तूंमध्ये उतरते. फुकट काय काय मिळतंय त्याची यादी जितकी लांब तितका बाजार खोल गेलाय असं समजा आणि प्रत्येक वस्तूची बाहेरची किंमत स्वतः काढा.

इथे थोडं विषयांतर, पण मला ते सांगायचंच आहे, कारण ब्रोशरच्या पहिल्या पानावर न्यूयॉर्कचा फोटो होता. न्यूयॉर्कच्या सोहो भागात हे लॉफ्ट प्रकरण वाढलं, आणि ते वाढलं कारण त्या भागाचा बाजार मेलेला होता. बिडाच्या दर्शनी भागांच्या जुन्या इमारती, वर्कशॉप आणि गोदामं, धंदे बाहेर जात होते, मजलेच्या मजले रिकामे. त्यात शहराचे रस्ते आणि पूल आखणारे अधिकारी रॉबर्ट मोझेस यांचा तिथूनच एक्सप्रेस वे न्यायचा प्लॅन, तो १९६९ मध्ये रद्द होईपर्यंत डोक्यावर टांगलेला, मग जी इमारत उद्या पाडतील तिच्यात पैसा कोण घालणार? चित्रकार शिल्पकार घुसले ते याच कारणाने, भाडं कमी आणि जागा मोठी. राहणं बेकायदा होतं, हीटिंगची सोय अनेक ठिकाणी नव्हती, किचन बाथरूम स्वतःच्या हाताने बांधायचं. जॉर्ज मॅच्युनस नावाच्या कलाकाराने १९६७ पासून अशा इमारती घेऊन कलाकारांच्या को-ऑपरेटिव्ह उभ्या केल्या. शिल्पकार डोनाल्ड जड यांनी १९६८ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवरची १८७० सालची अख्खी पाच मजली इमारत घेतली, एका माणसाने. १९७१ मध्ये कलाकारांना तिथे कायदेशीर राहता येईल अशी सोय झाली आणि १९८२ मध्ये अशा इमारतींत राहणाऱ्या भाडेकरूंसाठी लॉफ्ट लॉ आला. म्हणजे बघा, उंच छत ही तेव्हा चैन नव्हती, ती मशीनसाठी आणि उजेडासाठी ठेवलेली उंची होती आणि राहणाऱ्याला ती फुकटात मिळाली. लॉफ्ट हा पडलेल्या बाजाराचाच माल आहे. तो पडलेल्या बाजारात तेजीच्या भावाने विकायला बसलेत आणि वर न्यूयॉर्कचा फोटो लावलाय. त्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फारच रिसर्च करून येता." कौतुक होतं की वैताग ते कळलं नाही.

दोन प्रकारचे लॉफ्ट असतात हेही तिथेच शिकले. एक म्हणजे खरी जुनी कारखान्याची इमारत बदलून केलेले, त्यांना हार्ड लॉफ्ट म्हणतात, आणि दुसरे नवीन बांधून तसा लुक दिलेले, सॉफ्ट लॉफ्ट. आमच्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही होते, जुनी विंग खरी गिरणीची, आणि शेजारी नवी विंग. सॅम्पल फ्लॅट नव्या विंगचा. तिथल्या विटांच्या भिंतीवर मी सहज टकटक केलं तर आवाज पोकळ आला, विटांच्या पातळ टाइल्स होत्या बोर्डावर चिकटवलेल्या. वरचा तो जाडजूड गोल डक्ट पण कुठेच जात नव्हता, एका टोकाला नुसतं झाकण. आणि गंमत म्हणजे नवी विंग जुनीपेक्षा ८ ने महाग. का, तर लिफ्ट नवी, फिटिंग नवं. लिफ्टचं मी समजू शकते पण माझ्या मते मंदीत हे उलटं असायला पाहिजे. जुनी विंग परत बांधता येत नाही, जेवढी आहे तेवढीच, तिचा माल वाढणार नाही. विटांच्या टाइल्स चिकटवलेली उंच घरं मात्र कोणीही कुठेही आणखी दोनशे बांधू शकतो, आणि बांधतात, आणि बाजार पडला की आधी तीच पडतात. जुन्या विंगचे प्रॉब्लेम वेगळे, ते पुढे सांगते.

सेल्स ऑफिसशी फाटलं तेव्हा एका एजंटने जुन्या विंगमधला रिसेलचा लॉफ्ट दाखवला, तिसरा मजला, एरिया जवळजवळ तोच, मेझनिन थोडं उंच, बऱ्यापैकी वापरलेलं पण नीट ठेवलेलं घर. मालक साठीचे गृहस्थ, त्यांनी तेजीत बुकिंग करून ९० ला घेतलेलं. मागत होते ९५, चार महिन्यांत ९२ वर आले. आमचा हिशोब ७५ चा, म्हणजे रिसेल, जुनी लिफ्ट आणि दुरुस्ती धरून. पहिल्या भेटीत ७५ म्हणल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मला माझीच लाज वाटली. "ताई, मी नव्वदला घेतलंय हो. नव्वदच्या खाली कसं देऊ?"

यात त्यांचं काही वेगळं नाही. डेव्हिड जेनेसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर या दोन अर्थतज्ज्ञांनी बॉस्टनमधल्या नव्वदीच्या दशकातल्या अपार्टमेंट विक्रीचा डेटा घेऊन नेमकं हेच तपासलंय, त्यांचा पेपर २००१ चा आहे. ज्यांना विकल्यावर तोटा होणार असतो ते लोक अपेक्षित किंमत आणि आपली खरेदी यातल्या फरकाच्या साधारण २५ ते ३५ टक्के एवढं जास्त मागतात, आणि त्यांची घरं विकली जायला जास्त वेळ लागतो. आमच्या केसमध्ये फरक ९० वजा ७५ म्हणजे १५, त्या हिशोबाने काकांनी चार-पाच जास्त मागायला पाहिजे होते, त्यांनी १७ मागितले. असो. म्हणूनच पडत्या बाजारात आधी भाव पडत नाहीत, आधी सौदे थांबतात. सगळे आपापल्या खरेदीच्या आकड्याला धरून बसतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अरे भाव तर टिकून आहेत. टिकून नाहीयेत, कोणी घेतच नाहीये. भाव बघण्यापेक्षा एकाच घराची जाहिरात किती महिने चालू आहे ते बघा. हेच युनिट मी अकरा महिन्यांपूर्वीच्या जाहिरातीत सापडवलं, फोटो तेच, भिंतीवरचं कॅलेंडर पण तेच.

शेवटी काय झालं, तर काका थकले. घर रिकामं ठेवून मेंटेनन्स भरत होते, विकायचं तर नव्वदच्या खाली नाही, मग म्हणाले भाड्याने घेता का. आम्ही घेतलं. वर्षाचं भाडं आमच्या त्या १०० च्या हिशोबात ३.१. म्हणजे घराची किंमत ९२ धरली तर वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आतच सुटतं, ७५ धरली तर चार टक्क्यांच्या जरा वर. आमच्या होमलोनचं व्याज याच्या कितीतरी वर होतं. हा भाड्याचा हिशोब मी आधीच करायला पाहिजे होता, पाच महिने वाचले असते. भाडं हा आकडा खोटं बोलत नाही कारण भाडेकरूला उद्या भाव वाढतील याच्याशी देणंघेणं नसतं, तो फक्त आज तिथे राहायचं काय द्यायचं तेवढंच बघतो.

आता राहण्याचा रिव्ह्यू, सात महिन्यांचा.

उजेड. याला पाचपैकी सहा. उत्तरेकडची खिडकी जवळजवळ बारा फूट उंच आहे आणि दिवसभर त्यातून जो सपाट शांत उजेड येतो तो मी आयुष्यात कुठल्या घरात बघितला नव्हता. सकाळी दिवा लावायची गरजच नाही. सासूबाई त्या खिडकीत खुर्ची टाकून बसतात आणि दिवसभर वाचतात, त्यांचा जुना चष्मा परत चालायला लागला म्हणतात. या एका गोष्टीसाठी मी हे घर सोडायला तयार नाहीये.

तापमान, इथे मार खाल्ला. साध्या ६४० फुटी घराची उंची ९ फूट धरली तर आत ५७६० घनफूट हवा, पंधरा फुटी लॉफ्टमध्ये ९६००, म्हणजे दीडपटीहून जास्त. तेवढी हवा थंड किंवा गरम करायची, आणि गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलेलं इथे रोज रात्री परत शिकायचं. खाली शाल घेऊन बसलोय आणि वर मेझनिनवर झोपायला गेलं की भट्टी. उकाड्यात तर वर झोपणं अशक्यच. लांब दांड्याचा पंखा लावल्यावर थोडा फरक पडला, थंडीत तो उलटा फिरवला की वरची गरम हवा खाली ढकलली जाते. जुन्या लोखंडी खिडक्यांना एकेरी काच, फटी, त्यामुळे वारं येतं ते वेगळंच. व्हॉल्यूम विकत घेताय म्हणणाऱ्या पोराची आठवण विजेचं बिल आलं की दर महिन्याला येते.

आवाज. वर, खाली, स्वयंपाकघर, सगळी एकच खोली आहे हे सॅम्पल फ्लॅटमध्ये रोमँटिक वाटतं. नवऱ्याचा वर ऑफिसचा कॉल चालू असतो आणि खाली माझ्या हातून भांडं पडलं की त्याच्या मीटिंगमधले लोक दचकतात. स्वयंपाकाचा वास थेट वरच्या अंथरुणात. दार लावून भांडायचं म्हणलं तर दारच नाही. गालिचा टाकला आणि एका अख्ख्या भिंतीला पुस्तकांची शेल्फं केली तेव्हा घुमणं बरंच कमी झालं, ते मात्र खरंच काम करतं.

जिना उभा आहे आणि पायऱ्या अरुंद, सासूबाई पहिल्या दिवशी वर चढल्या, वाकून एक चक्कर मारली, खाली आल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणलं होतं, माळाच आहे." त्यानंतर त्या वर गेल्या नाहीत. त्यांचं सगळं खाली मांडलंय, पडदा लावून. घरात गुडघे दुखणारं किंवा रांगणारं कोणी असेल तर मेझनिनचा एरिया शून्य धरा, अर्धा पण नाही.

बाकी फुटकळ. चौदा फुटांचे पडदे तयार मिळत नाहीत, शिवून घ्यावे लागतात आणि कापड बघून रडू येतं. बल्ब गेला की शिडी, शिडी ठेवायला जागा नाही कारण माळा नाही (हो, लॉफ्टमध्ये लॉफ्ट नाही, सामान ठेवायचा). कोळ्यांची जाळी जिथे होतात तिथे पोचायला माणूस बोलवावा लागतो.

जुन्या विंगचं म्हणलं होतं ते. विटांच्या भिंतीतून एका कोपऱ्यात ओल येते, बाहेरून सांधे भरायला हवेत, ते काम सगळ्या इमारतीने मिळून करायचं, पण १३ युनिट्स विकलीच गेलेली नाहीत आणि त्यांचा मेंटेनन्स बिल्डरने पूर्ण भरायचा की सवलतीत यावर वाद चाललाय, त्यामुळे कामासाठीचा फंड अर्धवट. विकत घ्यायच्या आधी हे नक्की विचारा, न विकलेल्या घरांचा मेंटेनन्स कोण भरतंय आणि दुरुस्तीच्या फंडात आज किती आहेत. आणि मेंटेनन्स चौरस फुटावर लावतात ना, तो मेझनिनसकट. व्हॅल्युअर मेझनिन पूर्ण मोजत नाही पण मेंटेनन्सवाले मोजतात. जुनं बांधकाम असेल तर जुन्या रंगात शिसं आणि पाइपांच्या जुन्या गुंडाळणीत किंवा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, तपासणीचा रिपोर्ट मागा, आम्हाला मागितल्यावर लगेच मिळाला, त्याबद्दल एक स्टार वाढवते.

घ्यावं का? मंदीत लॉफ्ट घेणाऱ्याच्या हातात वेळ असतो, तो वापरावा एवढंच म्हणेन. आधी भाड्याने राहून एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढा, शक्य असेल तर ज्या इमारतीत घ्यायचंय तिथेच. जुनी खरी इमारत असेल तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही, टाइल्सवाल्या विटांना अजिबात नको. आणि विकायला साध्या फ्लॅटपेक्षा जास्त वेळ लागणार हे धरूनच घ्या, कारण शंभर लोक फ्लॅट शोधत असतील तर त्यातले किती दारं नसलेलं घर शोधत असणार?

आमचं ॲग्रीमेंट अजून पाच महिने आहे. सेल्सच्या पोराचा परवा मेसेज आला, शेवटची मोजकीच युनिट्स, नवीन स्कीम, आता फर्निचरसोबत स्कूटर पण. काकांना मात्र मी गेल्या महिन्यात परत आकडा सांगितला, आता ७२, ओलीचं काम धरून. ते म्हणाले, "ताई, नव्वदला घेतलंय हो मी." मग चहा घेतला, उत्तरेच्या खिडकीत सासूबाईंशी अर्धा तास गप्पा मारल्या, भाड्याची पावती दिली आणि जाताना भिंतीवरची ओल बोटाने चाचपून गेले.